टायर कुठे घासतो

टायरच्या दुकानात नवं अलॉय रिम लावून बघताना एक दृश्य हमखास दिसतं. गाडी जॅकवर असते, एक चाक चढवलेलं असतं आणि फिटर टायर आणि मडगार्ड यांच्यामधे दोन बोटं घालून सांगतो, "बसतंय साहेब, कुठे लागत नाही." तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी खरंच कुठे लागत नसतं. पण जॅकवरच्या गाडीचं चाक खाली लोंबलेलं असतं, स्टिअरिंग सरळ असतं, गाडीत कुणी बसलेलं नसतं आणि खाली खड्डाही नसतो. घासण्याची जेवढी म्हणून कारणं आहेत, ती सगळी तेव्हा गैरहजर असतात. पुढे कधीतरी घरची पाच माणसं सामानासकट गाडीत बसतात, फाटकातून वळतानाच गतिरोधक येतो आणि चाकाकडून 'खर्र' असा आवाज येतो.

चाक गाडीत एका जागी बसवलेलं नसतं. ते स्वतःभोवती तर फिरतंच, शिवाय सस्पेन्शनबरोबर वर-खाली जातं, पुढचं असेल तर स्टिअरिंगबरोबर वळतं आणि वळणावर थोडं कलतंही. या सगळ्या हालचालींना मिळून जी पोकळी लागते ती कंपनीने मूळ चाकासाठी राखलेली असते, आणि तीही काही सैल हाताने नव्हे. आपण चाक बदलतो तेव्हा खरं तर या पोकळीत ढवळाढवळ करतो. म्हणून मोजायचं ते चाक कुठे उभं आहे हे नाही, ते कुठे कुठे जाऊन येतं हे.

सुरुवात टायरवर छापलेल्या आकड्यांपासून करू. १८५/६५ आर १५ याचा अर्थ टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. कडेची उंची झाली १२०.२५ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. पूर्ण टायरचा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. आता १९५/५५ आर १६ चा हिशेब करा. व्यास येतो ६२०.९. रिम एक इंचाने वाढलं, पण टायरची कड पातळ झाल्यामुळे एकूण उंची तेवढीच राहिली. मारुती सुझुकीच्या २०२२ पासूनच्या बलेनोत खालच्या श्रेणींना पहिला आणि वरच्या श्रेणींना दुसरा टायर येतो तो यामुळेच. रिम मोठं करायचं असेल तर हा रस्ता कंपनीने स्वतः मळून ठेवलेला आहे. मालकाच्या पुस्तिकेत आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असे मान्य आकार दिलेले असतात. ते आधी बघावेत. अर्धं काम तिथेच होतं.

घोळ सुरू होतो तो यापुढे. दुकानदार म्हणतो, १९५ कशाला, २०५/५५ घ्या, गाडी भरलेली दिसेल. २०५/५५ आर १६ चा व्यास आहे ६३१.९ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा हा दहा मिलिमीटरने उंच, म्हणजे वरच्या बाजूला पाचच मिलिमीटर. टक्केवारीत मांडलं तर १.७. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०१.७ च्या वेगाने जात असेल. कंपनीचे मीटर मुळातच थोडे चढे दाखवतात, त्यामुळे एवढ्याने बिघडत नाही. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये हा सर्वत्र पाळला जाणारा ठोकताळा आहे आणि त्यात हा टायर आरामात बसतो. मग तो घासतो तो का?

कारण व्यास हा हिशेबाचा एक तुकडा आहे. रुंदी आणि ऑफसेट हे दोन अजून बाकी आहेत, आणि माझ्या मते घासणाऱ्या बहुतेक गाड्या ऑफसेटमध्ये चुकलेल्या असतात.

रिमची रुंदी बरोबर मधोमध कापणारी एक रेघ कल्पनेत ओढा. रिमचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो, तो या रेघेपासून किती मिलिमीटर दूर आहे, तो ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला 'ईटी ४५' असा ठसा असतो तो हाच. टेकणारा भाग रेघेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा तो धनच असतो. आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर सरकतं. आकडा वाढला की चाक आत जातं.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५, त्यावर १८५/६५ आर १५. नवं रिम साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ३८, त्यावर २०५/५५ आर १६. टायरवर छापलेली रुंदी नावापुरती असते. टायर कंपन्यांच्या तक्त्यात १८५/६५ आर १५ ची प्रत्यक्ष रुंदी साडेपाच इंची रिमवर १८९ मिलिमीटर दिलेली असते आणि २०५/५५ आर १६ ची साडेसहा इंची रिमवर २१४. म्हणजे छापील फरक वीसचा, खरा पंचवीसचा. तोच २०५ आकाराचा पण ४५ टक्के कडेचा, १७ इंची टायर सात इंची रिमवर २०६ भरतो. एकाच '२०५'मध्ये आठ मिलिमीटरची तफावत! शिवाय रिम अर्ध्या इंचाने रुंद केलं की तोच टायर साधारण पाच मिलिमीटर पसरतो, तेही धरावं लागतं. म्हणून दुकानात टायरचं नाव विचारून भागत नाही, त्याचा तक्ता मागावा.

आता पंचवीसचे निम्मे, साडेबारा, दोन्ही बाजूंना वाटून द्या. ऑफसेट सातने कमी झाला, म्हणून अख्खं चाक सात मिलिमीटर बाहेर आलं. बाहेरच्या कडेला साडेबारा अधिक सात, म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर वाढले. आतल्या कडेला साडेबारा वजा सात, म्हणजे साडेपाच वाढले. हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या, कारण पुढचं सगळं यांच्यावर आहे.

आतली बाजू लोकांना जास्त भिववते. तिथे शॉक ॲब्सॉर्बरचा लोखंडी नळा असतो, त्यावर स्प्रिंगची बशी असते आणि ती टायरच्या अगदी जवळ दिसते. पण आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. फोर्ड कंपनीत काम केलेल्या अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याचं नाव त्याला पडलेलं आहे. त्यात नळ्याचा खालचा भाग चाकाच्याच सांगाड्याला बोल्टने आवळलेला असतो. चाक वर गेलं की तोही वर जातो, चाक वळलं की तोही वळतो. त्यामुळे टायर आणि नळा यांच्यातलं अंतर जवळजवळ कायम राहतं. उभ्या गाडीत तिथे पाच-सहा मिलिमीटर मोकळे असतील तर धावत्या गाडीतही साधारण तेवढेच राहतील. वळणावर टायरची कड थोडी दबते, तेवढं सोडून द्यायचं.

बाहेरची बाजू मात्र फसवी असते. मडगार्डची कड, आतलं प्लास्टिकचं लाइनिंग, बंपरचा मागचा कोपरा, दाराखालची पट्टी, हे सगळं बॉडीचा भाग आहे. चाक हलतं तेव्हा ते चाकाबरोबर हलत नाही. उभ्या गाडीत तिथे चार बोटांची जागा दिसते आणि खड्ड्यात चाक वर चढलं की ती नाहीशी होते.

स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. पुढचं चाक एका तिरक्या उभ्या अक्षाभोवती वळतं. सोपेपणासाठी धरू की हा अक्ष मूळ टायरच्या मधोमध आहे. मूळ टायरची त्रिज्या ३११ मिलिमीटर आणि मध्यापासून बाहेरची कड साडेचौऱ्याण्णव. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाने हिशेब केला तर टायरचा पुढचा बाहेरचा कोपरा अक्षापासून ३२५ मिलिमीटरवर येतो. चाक वळतं तेव्हा हा कोपरा ३२५ च्या वर्तुळात फिरतो. नव्या टायरची त्रिज्या ३१६ आणि बाहेरची कड ११४ वर. कर्ण आला ३३६. आपण त्रिज्या पाचच मिलिमीटरने वाढवली, पण वळताना कोपरा अकरा मिलिमीटर पुढे पोचतो. टायरचे खांदे गोलसर असतात आणि अक्षही तिरका असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी-जास्त होईल. पण सरळ स्टिअरिंगला मोकळी दिसणारी जागा फुल लॉकला बंपरच्या मागे लाइनिंगला का खरडते, याचं उत्तर या अकरा मिलिमीटरमध्ये आहे. यात व्यासाचा वाटा पाच-सहाचाच आहे, उरलेला रुंदी आणि ऑफसेटचा.

फुल लॉकचं घासणं सहसा हळू वेगात, पार्किंगमध्ये आणि यू-टर्नला होतं. आवाज येतो, प्लास्टिक खरवडतं, लगेच धोका नसतो. मागच्या चाकाचं घासणं वेगळं. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून दुकानात तिकडे कुणी फारसं बघत नाही. पण पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की मागचा भाग बसतो आणि त्यात मोठा खड्डा आला की टायर मडगार्डच्या आत वळवलेल्या पत्र्यापर्यंत जातो. हा पत्रा धारदार असतो. तो टायरच्या खांद्यावर किंवा कडेवर पुन्हा पुन्हा लागत राहिला की रबर कापत जातं, आतले धागे उघडे पडतात. समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगाने तासभर तापलेला आणि कडेला कापलेला टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. मागून येणारा 'खर्र' आवाज 'सवय होईल' म्हणून सोडून देणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो की चाक काढा आणि टायरच्या खांद्यावरून बोट फिरवा.

मोजायला महागडं काही लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी करा. गवंड्याचा ओळंबा घ्या, तो नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. दोरा मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यावर येईल असा सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या सर्वांत फुगलेल्या भागापर्यंतचं अंतर मोजा. मूळ टायर त्यात वीस मिलिमीटर आत असेल आणि तुमचा हिशेब साडेएकोणीस बाहेर येण्याचा असेल, तर नवा टायर मडगार्डला टेकायलाच आलेला असेल. मग ते रिम घेऊ नका. आतल्या बाजूला टायर आणि नळा यांच्यामधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक सरकवत जा आणि जेवढ्या मावतील त्यांची जाडी मोजा. चारही चाकांना हे करावं. एकाच गाडीत डावी आणि उजवी बाजू दोन-चार मिलिमीटरने वेगळी निघते, विशेषतः कधी ठोकर बसून पत्रा दुरुस्त झालेला असेल तर.

घासण्याशी थेट संबंध नसलेली, पण त्याहून जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे चाकाचं हबवर बसणं. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळायला हवा. बलेनो, स्विफ्टला चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर, पोलोला पाच बोल्ट आणि १००, क्रेटाला पाच आणि ११४.३, फियाट पुंटोला चार आणि ९८. पुंटोच्या मालकाला १०० चं रिम 'जुळवून' देणारे दुकानदार आहेत. प्रत्येक बोल्टला एकच मिलिमीटरचा फरक, नट आवळले की जातात. पण ते तिरके आवळले जातात, रिमवरची त्यांची बैठक अर्धवट टेकते आणि पुढे ते सैल होतात किंवा बोल्ट मोडतो. इथे तडजोड नाही. मधल्या भोकाचंही तसंच. बलेनोच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे आणि बाजारातली बरीच रिमं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ च्या भोकाची असतात. मधली पोकळी भरणारी कडी बसवली नाही तर चाक नेमकं केंद्रात येत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा करूनही थरथर जात नसेल तर आधी ही कडी बघा.

नवं चाक बसवल्यावर खरी परीक्षा भरलेल्या गाडीची. जितकी माणसं गाडीत बसतात तितकी बसवा, डिकीत सामान टाका. लाइनिंगवर जिथे संशय आहे तिथे मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा बोटभर जाड गोळा चिकटवा. मोकळ्या मैदानात आठाच्या आकारात फुल लॉकने फिरा, पुढेही आणि रिव्हर्समध्येही, कारण रिव्हर्समध्ये टायर दुसऱ्या कोपऱ्याला लागतो. मग एक पुढचं चाक हळूच फुटपाथच्या उतारावर चढवून स्टिअरिंग पूर्ण फिरवा. वर चढलेलं आणि वळलेलं चाक, ही दोन्ही एकत्र आली की सगळ्यात कमी जागा उरते. शेवटी गतिरोधकावरून तिरकी गाडी न्या. गोळा चेपला असेल तर उरलेली जाडी मोजा, तेवढी तुमची खरी मोकळी जागा. गोळा कापलाच गेला असेल तर मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. टायर कुठे लागला असेल तर लाइनिंगवर काळी चकचकीत पट्टी उठते.

आता लागलाच तर काय करायचं? पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय, टायर एक आकाराने अरुंद घेणं. वरच्या उदाहरणात त्याच रिमवर २०५/५५ च्या जागी १९५/५५ घेतला की रुंदी आणि उंची दोन्ही एकदम खाली येतात. तक्त्यात त्याची रुंदी सहा इंची रिमवर २०१ आहे, साडेसहावर २०६ धरा, म्हणजे बाहेरचा कोपरा चार मिलिमीटर आत गेला. दिसायला फरक कुणाला कळणार नाही. त्यानंतर ऑफसेट सुधारलेलं रिम. हे महाग पडतं, म्हणून तर रिम घेण्याआधी हिशेब करायचा. लाइनिंगची सैल क्लिप घट्ट करणं किंवा प्लास्टिक हलकं गरम करून मागे दाबणं हे क्षम्य आहे. मडगार्डचा पत्रा आत वळवायला मात्र माझा विरोध आहे. वळवताना रंगाला बारीक चिरा जातात, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत त्या चिरांमधून दोन पावसाळ्यांत गंज वर येतो.

आतल्या बाजूला लागत असेल तर लोक स्पेसर लावतात. हबला नीट बसणारा पातळ स्पेसर चालतो, पण त्याच्या जाडीइतके बोल्टचे आटे नटपासून हिरावले जातात. मारुतीचे बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचे आणि त्यांच्यावर दर सव्वा मिलिमीटरला एक आटा असतो. नट निदान बोल्टच्या जाडीइतका आत चढला पाहिजे, म्हणजे हाताने फिरवताना नऊ-दहा पूर्ण फेरे. त्याहून कमी फेऱ्यांत नट थांबला तर स्पेसर काढून टाका.

दिसण्याच्या नादात दोन गोष्टी मागे पडतात. पहिली, वजन पेलण्याची क्षमता. टायरच्या कडेवर आकारानंतर ८८ एच असा आकडा असतो. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. १८५/६५ आर १५ साधारण ८८ चा मिळतो आणि १९५/५५ आर १६ अनेकदा ८७ चा. मोठं रिम घेताना क्षमता कमी होते, ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये. त्याच १९५/५५ मध्ये ९१ चा जादा क्षमतेचा टायरही मिळतो, तो मागावा. दुसरी गोष्ट म्हणजे कडेची उंची. १८५/६५ ची कड १२० मिलिमीटर, १९५/५५ ची १०७, तर २०५/४५ आर १७ ची फक्त ९२. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा धक्का हीच कड झेलते. ९२ मिलिमीटरच्या कडेवर रिम वाकण्याचं आणि टायरला फुगा येण्याचं प्रमाण मी इतकं पाहिलं आहे की खड्ड्यांच्या शहरात लहान गाडीला १७ इंची रिम मी सुचवत नाही.

रिमवरचे ठसेही बघा. जपानी मानकाचा जेडब्ल्यूएल आणि तपासणी संस्थेचा व्हीआयए हे दोन ठसे चांगल्या रिमवर असतात. भारतात अलॉय चाकांच्या चाचण्यांसाठी एआयएस ०७३ हे मानक आहे. ही वाहन मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय पुण्याच्या एआरएआयमध्ये चालतं. ठसा नसलेलं स्वस्त रिम कुठल्या ओतकामातून आलं आहे, हे कुणीही सांगू शकत नाही. कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ध्यानात ठेवावं. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना म्हटलं. कंपनीच्या पट्टीवरचा आकार निवडला तर हा प्रश्न उद्भवत नाही. त्याबाहेर गेलात तर विमा कंपनीला लेखी कळवा, कारण अपघातानंतर सर्व्हेअर आधी चाकंच बघतो.

बसवून झाल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने टॉर्क रेंचवर पुन्हा आवळून घ्या. नवं अलॉय नटाखाली थोडं दबतं आणि पहिली आवळणी सैल पडते. त्याच वेळी चारही चाकांच्या लाइनिंगवर टॉर्च मारून काळ्या पट्ट्या शोधा आणि टायरचा आतला खांदाही बघा, तो नेहमी नजरेआड राहतो. आणि स्टेपनी विसरू नका. तिचं रिम लोखंडी असतं आणि नव्या अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही. नट बसत नसतील तर मूळ नटांचा एक संच पिशवीत घालून जॅकच्या शेजारी ठेवा.